खेळाचें मैदान कोणीं आंखावें?

(वर्धा जिल्ह्यांतील विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय दिसण्यांत लहान आहे. शाळेजवळची पडीत जागा साफ करून मुलांनीं स्वतःच तेथें खेळाचें मैदान करावें, एवढीच गोष्ट. पण तींत एक मोठा प्रश्न आहे. आंखणी कोणीं करावयाची आणि घमेलें कोणीं उचलावयाचें? आपल्या समाजांत शेंकडों वर्षें हीं दोन कामें निरनिराळ्या माणसांकडे राहिलीं. आंखणाऱ्यानें हाताला माती लागूं दिली नाहीं आणि माती उचलणाऱ्याचें मत कोणीं विचारलें नाहीं. हीच वांटणी शाळेंतहि राहिली, तर मैदान होईल, पण शिक्षण होणार नाहीं.

ह्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाहीं. ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें, हा विचार गांधीजींनीं तेथें मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना तयार केली आणि सेवाग्रामास नयी तालीमचें काम सुरू झालें. मध्यंतरीं बंद पडलेली तेथील शाळा २००५ सालीं 'आनंद निकेतन' ह्या नांवानें पुन्हां उघडली. तेथें शेती, स्वयंपाक व सफाई हींहि शिकण्याचींच साधनें आहेत.

पण गरिबांच्या मुलांनीं सूत काढावें आणि बड्यांच्या मुलांनीं कायदा शिकावा, असें तर होणार नाहीं ना? ही शंका रास्त आहे. नुसते हात राबवून घेणें ही वेठ होय. तिचें उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यांत सांपडतें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहिलीं, एकत्र जेवलीं आणि एकत्र राबलीं. त्या श्रमांत कमीपणा नव्हता, कारण ते सर्वांच्या वांट्यास सारखेच आले.

खेळाच्या जागेविषयीं परदेशचाहि एक दाखला पाहा. १९४३ सालीं डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यांत असतां, कोपनहेगन शहराच्या एमड्रुप भागांत एक निराळें क्रीडांगण निघालें. सोरेन्सन नांवाच्या उद्यानरचनाकाराची ती कल्पना. सुबक क्रीडांगणांपेक्षां मुलें बांधकामाच्या ढिगांवर अधिक रमतात, हें त्यानें पाहिलें होतें. म्हणून फळ्या, विटा व जुनें सामान मुलांच्या हवालीं केलें आणि मुलांनीं आपल्या मनानें तेथें घरें उभारलीं.

आतां आपल्या मातीकडे या. आपली काळी माती कपाशीला चांगली, पण धांवण्याला वाईट. पावसांत ती फुगते व पायाला चिकटते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. म्हणून जागेला उतार, कडेनें चर, मुरुमाचा थर आणि त्यावर चाळलेली बारीक माती हवी. कबड्डीचें पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. त्यावर १५ सेंटिमीटरांचा थर द्यावयाचा, तर मुरूम किती? साडेएकोणीस घनमीटर. धुम्मस मारल्यावर थर दबतो, म्हणून मुरूम थोडा जास्तच लागेल. पाटीवर कंटाळवाणा वाटणारा हा हिशेब, घमेलें उचललेला मुलगा सहसा विसरणार नाहीं. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां कडुनिंब पश्चिमेच्या कडेला लावावा, म्हणजे दुपारनंतरची सावली मैदानावर पडेल. हेंहि मुलांनीं काठी रोवून, सावली मोजून ठरवावें.

माझ्या सूचना थोड्याच आहेत. आंखणीपूर्वीं सर्व मुलांची सभा घ्या आणि मुलींना आधीं बोलूं द्या. पुष्कळ ठिकाणीं क्रिकेट खेळणारीं मोठीं मुलें सारी जागा अडवितात आणि मुली भिंतीशीं उभ्या राहतात. दुसरें, आज जो फीत धरील त्यानें उद्यां घमेलें उचलावें, आणि झाडू सर्वांच्या हातीं पाळीनें जावा. झाडू कोणाच्या हातीं द्यावयाचा हें आडनांव पाहून ठरविणारी शाळा ही शाळाच नव्हे. तिसरें, खोल खणणें व जड ओझें वाहणें हें वडील माणसांचें काम; त्यासाठीं पालकांनीं दोन दिवस द्यावे.

आणि पालकहो, एक गोष्ट गांठीं बांधा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत शाळेला क्रीडांगण असावें, असें स्पष्ट लिहिलें आहे. मुलें राबतात म्हणून सरकारची जबाबदारी सुटत नाहीं. जागा व पैसा मागण्याचा अर्ज ग्रामसभेंत वाचा, ठराव करून घ्या आणि त्याचा पाठपुरावा करा. त्या अर्जासोबत मुलांनीं काढलेला नकाशा जोडा, म्हणजे हें मैदान कोणाला व कसें हवें आहे, तें साहेबांना कळेल.