झोपाळ्याला ग्रीस कोण लावणार?

सत्तरच्या दशकात सिडकोनं आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात वसाहती आखल्या, तेव्हा घरांबरोबर मोकळ्या जागाही नकाशावर आल्या. २००६ मध्ये या वसाहती महापालिकेकडे गेल्या. आज सिडको वसाहत असो की गारखेडा, अशा जागेत घसरगुंडी दिसते, झोपाळा दिसतो, आणि ते कुणाच्या निधीतून बसले याची पाटी तर ठळक दिसते. ग्रीस कुणी लावायचं, ते मात्र पाटीवर नसतं.

झोपाळ्याची वरची कडी लोखंडावर लोखंड घासून झिजते. खालून पाहून काही कळत नाही. महिन्यातून एकदा कुणीतरी शिडी लावून वर चढावं, कडी बघावी, ग्रीस लावावं, नटबोल्ट आवळावेत. कॉलनीच्या बैठकीत हे काम एकाच्याच नावावर लिहा. सगळ्यांवर सोपवलं, की ते पुढच्या गणपतीपर्यंत लांबलंच म्हणून समजा! काळ्या मातीत आणखी एक पाहावं लागतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब हळूहळू सैल होतो. म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा आणि पावसाळा संपला की खांब हलवून बघावा.

खरी काळजी वाटते ती खालच्या जमिनीची. चिखल नको म्हणून आपण पेव्हर ब्लॉक बसवतो, आणि मूल पडतं ते थेट सिमेंटवर. युरोपातल्या मानकात दोन मीटर उंचीच्या खेळण्याखाली वीस सेंटिमीटर वाळू सांगितली आहे, वर ती विखुरते म्हणून आणखी दहा. वाळू महाग आहे, कबूल. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर नवं रंगीत खेळणं राहू द्या, वाळू आणा. रात्री तिच्यावर जाळी टाका, नाहीतर मांजरं आहेतच.

आता ऊन. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा, असं परदेशी पुस्तकं सांगतात. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, तिथे उत्तर-दक्षिण काय करणार? पश्चिमेला कडुनिंब लावा. तो वाढेपर्यंत चार बांबूंवर हिरवी जाळी ताणा. आणि संध्याकाळी पोरांना सोडण्याआधी घसरगुंडीच्या पत्र्याला स्वतःचा हात लावून बघा.