पांढुरक्या पाण्याची बाजू

(वसंत व्याख्यानमाला, बीड)



पत्रिकेवर विषय ‘घरातला फिश टँक’ असा छापलाय. काच किती जाडीची, पंप कोणता, हे दुकानदार सांगतोच. मी एकाच गोष्टीसाठी भांडायला आलोय : नव्या टाकीतलं पाणी पांढुरकं झालं म्हणून ते ओतून देऊ नका.

टाकी मांडली की दोन-चार दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसू लागतं. न धुतलेल्या वाळूचा गढूळपणा खाली बसतो, उन्हाचा हिरवा असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हा प्रकार निराळा. उरलेलं खाद्य, विष्ठा यांवर जगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यात तरंगतात. ते माशांना मारत नाहीत, पण प्राणवायू ओढतात. म्हणून हवेचा पंप बंद करायचा नाही. मारतो तो याच खाद्य-विष्ठेतून सुटणारा अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. पाणी आरपार नितळ असतं आणि मासे वर येऊन धापा टाकत असतात!

या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे. १८९० च्या सुमारास विनोग्रॅद्स्की या शास्त्रज्ञानं त्यांचा छडा लावला. ही दोघांची कामं, असं सव्वाशे वर्षं मानलं गेलं. २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्यानं चढणारा नायट्रोस्पायरा गटातला जिवाणू सापडला, आणि संशोधकांच्या एका गटाला तो मिळाला मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. पांढुरके जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात. अमोनियावर काम करणाऱ्या या जिवाणूंना अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून टाकी बसायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे जमायला, चार ते सहा आठवडे लागतात. आणि हे पाण्यात फारसे राहत नाहीत, चिकटून राहतात. फिल्टरचा स्पंज काढून दाबून बघा, तपकिरी बुळबुळीत गाळ येतो. तोच आपला कमावलेला ठेवा, आणि आपण तो रविवारी नळाखाली खसाखसा धुतो. नळातलं क्लोरीन त्याला जिवंत ठेवेल का?

चिकटण्यावरून आपली बीडची खजाना विहीर आठवते. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली, सलाबतखानाच्या काळातली. भुयारी वाटांनी पाणी आत येतं, भुयारी वाटेनंच बाहेर शेताकडे जातं. वर बसून नुसती रुंदी बघून परतू नका. खाली उतरा, ओल्या दगडावरून बोट फिरवा. तो गुळगुळीत थर म्हणजे जिवाणूंची वस्तीच! पाणी वाहतं, वस्ती दगडाला धरून राहते. आपण बाहेरच्यांना विहिरीची कीर्ती सांगतो, पण त्या दगडांवर चालणारं काम... (मागून : “सर, मासे कुठं गेले?” हशा.) मासे आलेच! विहिरीत मासे सोडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

एका गृहस्थांनी प्रवेशाआधीच मला अडवलं : टँकरच्या जिल्ह्यात हे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण पाणी नासतो कोण? दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करणारा. त्यानं जिवाणूंना बसूच दिलं नाही, म्हणून पाणी पुन्हा पांढरं, पुन्हा बादल्या. बसलेल्या टाकीचं थोडंच पाणी काढावं लागतं, आणि त्यातलं नायट्रेट कुंडीतल्या झाडांना खतच आहे. दुष्काळी माणसानं तर हे शास्त्र आधी शिकावं.

(चिठ्ठी आली.) पाच मिनिटं म्हणतायत. मग नुसतं काय करायचं तेवढं सांगतो. तुरटी फिरवू नका. तुरटीनं माती बसते, अमोनिया बसत नाही. आधी टाकी चालवा, चिमूटभर खाद्य टाकत राहा, मासे नंतर. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर आणा, काम लवकर होतं. मासे आधीच सोडले असतील तर खाद्य निम्मं करा आणि अमोनिया मोजायचा किट घ्या. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी, त्यात आपला उन्हाळा. अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त जहरी होतो. किटमध्ये अमोनिया दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदला, तेही क्लोरीन उडून गेलेलं किंवा काढलेलं. स्पंज धुवायचाच तर टाकीतल्याच पाण्यात.

निर्णय किटवर घ्या, रंगावर नाही. नितळ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पांढरं दिसलं म्हणून बादली उचलू नका. प्रश्न असतील त्यांनी बाहेर थांबा, मी आहे.