पंपाची बाजू ऐकून घ्या



माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता एका गाडीची हकीकत ऐकावी, ही विनंती.

आमच्या युनियनचा एक सभासद इंदिरानगरात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. ऐन पावसाळ्यात ती बोगद्यापाशी बंद पडू लागली. मेकॅनिकने मीटर लावला आणि पेट्रोलचा पंप गेला, असा निकाल दिला. मला विचारले, तेव्हा मीही मान डोलावली. गड्याने पतपेढीतून कर्ज काढून नवा पंप बसवला. आठव्या दिवशी गाडी पुन्हा त्याच जागी उभी, आणि आत मुले रडवेली!

पूर्वी पंप इंजिनच्या फिरण्यावर चाले. इंजेक्शनच्या गाडीत तो बहुधा टाकीतच असतो आणि विजेवर चालतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद त्याची गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. आमच्या गाडीत गुणगुण येत होती, पण क्षीण.

मेकॅनिकची चूक कोठे झाली? त्याने पंपाची जोडणी सोडवून व्होल्ट मोजले. ते पुरे भरले. कारण प्रवाहच वाहत नसेल तर गंजलेली तारही साळसूद दिसते. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम हेच सांगतो. पाच अँपिअर प्रवाहाला एखाद्या सांध्यात अर्धा ओहम अडथळा झाला, तर अडीच व्होल्ट तेथेच खर्ची पडतात.

मग मी पंप चालू ठेवून मोजले. बॅटरीवर १३.५ व्होल्ट, पंपावर अवघे ९.९. येणाऱ्या तारेत ०.२ गेले होते. परतीच्या, म्हणजे अर्थच्या तारेत तब्बल ३.४! सांगाड्यावरचा तिचा बोल्ट गंजला होता. तो घासून आवळला आणि गाडी चालू लागली. खर्च झाला तो एका पॉलिश कागदाचा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. टाकीपाशी पेट्रोलची वाफ असते. तार घासून ठिणगी पाहण्याची आपली सवय तेथे जीव घेईल.

जन्मभर मी साहेबलोकांना बजावत आलो, की चौकशीवाचून कामगाराला दोषी धरू नका. आणि अर्धपोटी राबणाऱ्या पंपाला मीच कामचुकार ठरवले! त्या कर्जाचे हप्ते तो गडी अजून फेडतो आहे. त्यातला निम्मा भार मी उचलला आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

म्हणून नवा पंप घेण्यापूर्वी मेकॅनिकला एवढेच विचारा, "भाऊ, पंप चालू असताना त्याला व्होल्ट किती मिळत होते?"