केसासारखी रेघ

इंग्रजी लग्नपत्रिका, अत्तराची खोकी, फॅशनच्या मासिकांतले मथळे यांवर एक अक्षर हटकून दिसतं. उजवीकडे किंचित झुकलेलं. एक रेघ ठसठशीत, तर तिला लागून असलेली दुसरी केसासारखी बारीक. या घराण्यातलं नामवंत अक्षर म्हणजे ‘बोदोनी इटॅलिक’.

इटॅलिकचा जन्म इटलीतला. तिथल्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून ते घडलं. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनं 1501 मध्ये कवी व्हर्जिलचं पुस्तक या तिरक्या अक्षरात छापलं. हातात मावणाऱ्या छोट्या पुस्तकासाठी ते सोयीचं होतं. पुढे ते उभ्या अक्षराचं जोडीदार झालं: एखाद्या शब्दावर भर द्यायचा, पुस्तकाचं नाव सांगायचं, की अक्षर तिरपं करायचं.

जांबात्तिस्ता बोदोनी 1768 मध्ये पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळायला आला. त्या काळात टोकदार, लवचीक निबानं लिहायची पद्धत रूढ होती. हात खाली येताना दाब दिला की रेघ जाड, वर जाताना बारीक. बोदोनीनं ही जाड-बारीक जोडी धातूच्या खिळ्यांत टोकाला नेली. तिला कागद गुळगुळीत लागे, शाई बेताची लागे आणि भोवती मोकळी जागा लागे. नियमितपणा, स्वच्छता, अभिरुची आणि लालित्य हे चांगल्या अक्षराचे गुण, असं तो मानी. तो 1813 मध्ये वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याची पत्नी मार्गेरिता हिनं 1818 मध्ये प्रसिद्ध केला.

पण या सौंदर्यातच त्याची अडचण आहे. अक्षर लहान केलं की केसासारखी रेघ दिसेनाशी होते आणि उरतात नुसते जाड फटकारे. पानभर मजकूर असेल तर डोळे दिपतात. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरलं जाई, त्यामुळे लहान आकारात बारीक रेघ थोडी जाड ठेवता येई. संगणकावर एकच आकृती हवी तशी लहान-मोठी होते आणि तो विवेक हरवतो. म्हणूनच 1994 मध्ये आलेल्या ‘आयटीसी बोदोनी’त 6, 12 आणि 72 पॉइंटांसाठी तीन निरनिराळी रेखाटनं केली गेली.

आपल्याकडे बाळबोध अक्षरातली जाड-बारीक रेघ येते ती बोरूच्या तिरक्या कापामुळे, दाबामुळे नव्हे. भरभर लिहिण्यासाठी आपल्याकडे मोडी होती. तिचेही खिळे पडले, पण ती बाळबोधची जोडीदार कधी झाली नाही. त्यामुळे मराठीत संगणकानं तिरपं केलेलं अक्षर बहुधा नुसतं कललेलं दिसतं. त्याला स्वतःचं वळण नसतं.

तेव्हा बोदोनी इटॅलिक वापरावं ते मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी. पत्रिकेवर वधूवरांची नावं त्यात खुलतात. मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता मात्र साध्या, उभ्या, ठळक अक्षरात द्यावा. ती पत्रिका घरातल्या आजोबांनाही चष्मा न शोधता वाचता आली पाहिजे. आमंत्रण शेवटी त्यांनाही असतं.