जाळे मोजणाऱ्यांचा अधिकार

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि त्यांना परस्परांशी जोडणारा रस्ता नाही. मासेमारीच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पथकाचा प्रमुख तेथे विमानाने उतरतो. कायदा त्याच्या हाती असतो. परंतु तो कोणी केला, हे इनुइट माणूस विचारणारच.

हा प्रश्न हवेतला नव्हे. १९८४ साली दूर दक्षिणेस, फ्रेझर नदीवर, मस्क्वीअम जमातीच्या रोनाल्ड स्पॅरो यांना २५ फॅदमांऐवजी ४५ फॅदम लांबीचे जाळे वापरल्याबद्दल पकडण्यात आले. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्रम सांगितला: आधी माशांचे रक्षण, मग आदिवासींचे अन्न, व्यापार व हौस त्यानंतर. पथकप्रमुखाचे काम त्यानंतर नुसते जाळे मोजण्याचे उरले नाही. १९९३ च्या नुनावुत करारातून वन्यजीव व्यवस्थापन मंडळ निर्माण झाले, त्यात इनुइट संघटनांनी नेमलेले सभासद बसतात. शिवाय प्रत्येक वस्तीत शिकाऱ्यांची संघटना आहे. शहाणा प्रमुख प्रथम तिचे दार ठोठावतो.

याला कोणी मवाळपणा म्हणेल. पण न्यूफाउंडलंडचा कॉड मासा पाहा. किनाऱ्यावरचे लहान कोळी मासे घटल्याचे वर्षानुवर्षे सांगत होते. सरकारचा विश्वास मोठ्या जहाजांच्या आकड्यांवर होता. १९९२ साली मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला. तेथे नियम होते, पथकेही होती. सरकारने मंजूर केलेला पकडीचा वाटाच समुद्राला न पेलणारा होता.