डी-डायमरचा आकडा काय सांगतो?



कोरोनात हुबळी-धारवाडच्या घराघरांत ‘डी-डायमर’ हा शब्द पोहोचला. आम्ही सरकारी प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माणसं. नातेवाईक रिपोर्ट हातात धरून विचारायचे, “साहेब, पेशंट वाचेल ना?”

रक्ताची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात उरतात, ते डी-डायमर. वुहानच्या दोन रुग्णालयांतील १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दाखल होताना हा आकडा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांत मृत्यूचा धोका कितीतरी जास्त दिसला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून दाखल रुग्णांना हेपॅरिन दिलं गेलं.

पण धोका म्हणजे निकाल नव्हे. वाढतं वय, गरोदरपण, ऑपरेशन, दुसरा एखादा जंतुसंसर्ग यांनीही आकडा चढतो. शिवाय लॅब बदलली की एकक बदलू शकतं. ०.५ मायक्रोग्रॅम आणि ५०० नॅनोग्रॅम एकच; ‘पाचशे’ वाचून घाबरलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

म्हणून दोनच विनंत्या. आकडा एककासह वाचा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका. रक्तस्राव जिवावर बेततो. आकडा आम्ही देतो, त्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा.

गणपती बाप्पा मोरया!