लहान क्लबाकडे काय मागावं?

मे महिन्याच्या या उकाड्यात आंबे उतरवायचे सोडून इथे येऊन बसलेल्या मालवणकर मंडळींनो,

काल इथे संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या मधुमेहावर आहे, आणि मधल्या दिवशी फुटबॉल. वक्त्याकडून अपेक्षा किती ठेवायची, ते संयोजकांनी वेळापत्रकातच सांगून टाकलंय. (हशा) आजचा विषयही तोच आहे. पैसेवाल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर खेळणाऱ्या क्लबाकडून अपेक्षा किती ठेवावी?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे मध्येच उठून जाणाऱ्यांचा तोटा नको. लहान क्लबाकडे विजेतेपद मागू नये. आपल्या भागातली किती पोरं मैदानात उतरवलीत ते विचारावं, आणि पुढच्या हंगामाच्या पगारांची सोय झाली आहे का ते विचारावं. आज रात्री मी जे काही बोलेन ते फिरून तिथेच येणार आहे, हे लक्षात असू द्या.

आयएसएल म्हणजे काय, आय-लीग कुठली, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. आपल्याकडे दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी गोव्यात नोकरीला. कुडाळला गाडीत बसलं की मडगाव, आणि मडगावात फातोर्ड्याचं स्टेडियम. तुम्हाला ते ठाऊकच आहे.

आधी एक आकडा. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की, एक पत्रकार आणि एक अर्थतज्ज्ञ, यांनी २००९ साली एक पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या क्लबांचे अनेक वर्षांचे जमाखर्च त्यांनी तपासले. खेळाडूंच्या पगारावर कोणता क्लब किती खर्च करतो आणि लीगमध्ये त्याचा नंबर कितवा लागतो, याचा मेळ सुमारे ९० टक्के बसतो, असं त्यांना दिसलं. प्रशिक्षक, डावपेच, नशीब, पंच, गणपतीला केलेला नवस, हे सगळं उरलेल्या दहात. एखाद्या वर्षी लेस्टर सिटी येतो, २०१६ साली ५००० ला १ अशा भावात इंग्लंडची लीग जिंकतो आणि पेपरवाल्यांना वर्षभर पुरतो. पण ज्या प्रशिक्षकाने जिंकून दिलं त्याला पुढच्याच फेब्रुवारीत घरी पाठवलं, आणि २०२३ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला. लेस्टरची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून मी एवढ्यावरच सोडतो.

मग पगाराच्या यादीत दहावा असलेला क्लब लीगमध्ये आठवा आला, तर ते वर्ष चांगलं म्हणायचं की नाही? मी म्हणतो, पेढे वाटावेत. पण वाटत कोणी नाही. आठव्या नंबराचे पेढे घ्यायला लोक तयार नसतात.

(सभागृहातून : ‘रापण आणि पर्ससीन!’)

बरोब्बर! मला वाटलंच होतं की मालवणात हे कोणीतरी म्हणणार. किनाऱ्यावरून रापण ओढणारे आपले रापणकर एकीकडे, बाहेर एलईडी दिवे लावून मोठी जाळी टाकणारे श्रीमंत पर्ससीनवाले दुसरीकडे. पण यात एक फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. समुद्रातला पर्ससीनवाला आपणहून परत जात नाही. त्याला कायदा दाखवावा लागतो, तरी जात नाही. (हशा) फुटबॉलमधला श्रीमंत मात्र बहुतेक वेळा आपणहून निघून जातो. ते कसं, तेच सांगायला मी आलोय.

महिंद्रा युनायटेड आठवतो का? मुंबईचा क्लब, पाठीशी केवढी कंपनी. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पंजाबचा जेसीटी, १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. २०११ मध्ये बंद. पुण्यात तर रांगच लागली : पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी. एकही राहिला नाही. हैदराबादने २०२१-२२ ला आयएसएलचा चषक घेतला, त्यानंतर खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला, नावासकट बदलला. मुंबई सिटीमध्ये २०१९ साली मँचेस्टरवाला सिटी फुटबॉल ग्रुप आला, ६५ टक्के हिस्सा घेतला. शील्ड झाली, चषक झाले. लोक म्हणाले, आता यांना कोण हरवणार? २०२५ च्या डिसेंबरात ग्रुप हिस्सा सोडून बाहेर पडला. बाहेरच्या पैशावर जो उभा राहतो, तो त्या पैशाच्या मर्जीपर्यंत उभा असतो.

आता मी असं काही बोलणार आहे की गोव्याहून आलेले पाहुणे रागावतील. पहिल्या रांगेतच बसलेत.

गोव्यात गेली दहा वर्षं एक रडगाणं ऐकू येतं : आयएसएलच्या पैशाने आमचे जुने क्लब मारले. त्यात खरं आहे. फुटबॉल महासंघाने २०१६ साली जो आराखडा मांडला त्यात आयएसएल वरची आणि आय-लीग खालची, आणि वर जायची वाट नाही. त्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. ज्या धेंपोने आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं, त्याने! माझंही काळीज तेव्हा तुटलं होतं. पण मंडळी, त्या पाच विजेतेपदांच्या काळात श्रीमंत कोण होतं? धेंपोच ना? खाणीचा पैसा होता. वास्कोचा, म्हापशाचा, किनाऱ्यावरच्या गावातल्या क्लबाचा चांगला पोरगा दिसला की धेंपो नाहीतर साळगावकर त्याला उचलायचे. तेव्हा त्या गावातले लोक काय म्हणत असतील? नेमकं हेच! खाणधंदा धेंपो उद्योगाने २००९ मध्येच विकला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणीच बंद झाल्या. आणि २०१४ ला एफसी गोवा उभा राहिला तेव्हा त्याच्या मालकांत व्हिडिओकॉनबरोबर धेंपो आणि साळगावकर ही घराणी होतीच. कोणी कोणाला मारलं, याचा पंचनामा करायचा तर जरा सांभाळून करावा.

(पहिल्या रांगेतून : ‘चर्चिलचें कितें?’)

चर्चिल ब्रदर्स! त्यावर वेगळी व्याख्यानमाला ठेवा. २०२५ च्या एप्रिलात चर्चिल आय-लीग विजेता जाहीर, जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. हे सगळं तुम्ही वाचलंय. पुढे जातो.

नाही, पुढे जायच्या आधी मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा हात कधीचा वर आहे. बोला.

(‘आमच्या क्रिकेटाचा काय, ता सांगा!’)

(हशा) क्रिकेटचं काय सांगू? हे बघा, मी कोणाचं नाव घेत नाही. आपल्या प्रत्येक गावात आता प्रीमियर लीग आहे, टेनिस बॉलची. लिलाव होतो, फ्लडलाइट लागतात, चषक माणसाच्या कमरेएवढा. आणि अंतिम सामन्यात आपल्या वाडीच्या संघातून खेळणारे सहा जण बाहेरचे, ज्यांना वाडी कुठल्या फाट्यावरून आत जाते ते माहीत नाही. फोनवर विचारतात, ‘दादा, लोकेशन पाठवा.’ आपल्या वाडीचा पोरगा सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. संघमालक रागावू नका, तुमचा पैसा आहे, तुम्ही घाला. माझं म्हणणं एवढंच की चषक वाडीत आला तरी तो वाडीने जिंकला असं मला म्हणवत नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या, तालमी-तालमींच्या फुटबॉलमध्येही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू आणायची चढाओढ झाली. पण तिथे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की अजून पेठेतल्या पोराच्या गोलाला जो आवाज होतो, तो पाहुण्याच्या गोलाला होत नाही.

यावरून फातोर्ड्याची रात्र सांगतो. दोन मिनिटं.

२२ ऑक्टोबर २०२५. एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल-नस्र, आशियाई स्पर्धेचा सामना. अल-नस्रची ७५ टक्के मालकी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीची. म्हणजे एका बाजूला देशाची तिजोरी, दुसऱ्या बाजूला आपला शेजारी. रोनाल्डो येणार म्हणून केवढी धावपळ! आणि रोनाल्डो आलाच नाही. स्टेशनवरून मैदानाकडे जाणाऱ्या गर्दीत एक बाई भेटल्या, लेकाला घेऊन आलेल्या. पोराच्या अंगात पिवळा सात नंबरचा टी-शर्ट, आणि चेहरा असा की विचारू नका. आई कोकणीत समजावतेय, ‘अरे, आपले आसात न्हय!’ पोरगा ऐकेना.

दहाव्या मिनिटाला अल-नस्रचा गोल. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. माझ्या मागचे एक काका हिशेब करू लागले, या वेगाने किती होतील. सहा, म्हणाले, सहापेक्षा जास्त नको देवा. आणि मध्यंतरापूर्वी ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. ब्रायसन! गोव्याचा, इथल्याच मैदानांवर वाढलेला. तो आवाज मला शब्दांत सांगता यायचा नाही. मागच्या काकांनी छत्री उघडून मिटली, पाऊस नसताना. सामना २-१ ने हरलो. पुढे रियाधला ४-० ने हरलो, गटातून वर गेलो नाही. तक्ता बघणारा म्हणेल, काय मिळवलंत? अहो, त्या पैशासमोर दोन गोलांनी मागे पडूनही आमच्या पोराने मारलेला गोल मिळवला. आणि त्या स्पर्धेत गेलो कसे? भुवनेश्वरला सुपर कप जिंकून आणि ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला हरवून. हे झेपण्याजोगं होतं, आणि ते केलं. अल-नस्रला हरवणं झेपण्यापलीकडचं होतं. दोन्ही पराभवांना एकच शिवी देणारा प्रेक्षक मला…

सचिवांनी चिठ्ठी पाठवलीय. पंधरा मिनिटं? पाच? पाच. बरं. आयझॉल राहिलं, बिल्बाओ राहिलं. धावत सांगतो.

आयझॉल एफसी, मिझोरामचा. २०१५-१६ मध्ये खाली घसरलेला. गोव्याचे तीन क्लब बाहेर पडले म्हणून याला परत घेतलं. आणि परत आलेल्या त्याच क्लबाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! शेवटच्या दिवशी शिलाँगला १-१ अशी बरोबरी, आणि मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. प्रशिक्षक खालिद जमील, ज्यांचं मुंबई एफसीशी नुकतंच फाटलं होतं, आणि जे पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. मधल्या फळीत मुंबईचा जयेश राणे. बघा, माझ्या विरोधातलंच उदाहरण मी देतोय. पण पुढचं ऐका. वर्षभरात खालिद गेले ईस्ट बंगालला, राणे गेला चेन्नईला, अर्धा संघ पैसेवाल्यांनी उचलला. देशाचा विजेता असूनही वरच्या आयएसएलचं दार उघडलं नाही. मग त्या क्लबाने काय करायला हवं होतं? कर्ज काढून खेळाडू टिकवायचे? त्यांनी ते केलं नाही. पुन्हा मिझो पोरं उभी केली, पुन्हा मधल्या नंबरांवर खेळत राहिले. आणि ते टिकले. डीएसके शिवाजीयन्स त्याच हंगामात त्यांच्याविरुद्ध खेळला होता. तो आज दाखवा मला.

बिल्बाओ, दोनच वाक्यं. स्पेनचा हा क्लब फक्त बास्क मुलुखातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो, १८९८ पासून उभा आहे आणि माद्रिद-बार्सिलोनाप्रमाणे पहिल्या श्रेणीतून कधीच खाली गेलेला नाही. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी राजाचा चषक जिंकला, तेव्हा खेळाडूंना बार्जमध्ये बसवून नदीतून मिरवणूक काढली. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, भोवती शेकडो होड्या. चाळीस वर्षं त्या लोकांनी वर्गणी बंद केली नाही, मालवणकरांनो!

(सभागृहातून : ‘वेळ झालो!’ हशा)

झालो, झालो. एकच प्रश्न घेतो. अध्यक्ष हो म्हणताहेत. ताई, बोला.

(‘मग धेंपो परत येईल का?’)

आलाय. २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक समीर नाईक, त्याच क्लबाचा जुना बचावपटू. पहिल्या वर्षी विजेतेपद आलं नाही, आणि खालीही गेला नाही. मला विचाराल तर परतल्या वर्षी एवढंच मागायला हवं होतं. समीरला विजेतेपदाबद्दल विचारू नका. गोवा लीगमधून यंदा कोणाला वर घेतलंस, हे विचारा. तो तासभर बोलेल.

खरं म्हणजे क्लबाने पोरं विकावीत कशी, किती भावात आणि कोणत्या वयात, हा भाग मी लिहून आणला होता. तो राहिला. पर्ससीनने वेळ खाल्ला. (हशा, टाळ्या) उद्या मधुमेहाच्या डॉक्टरांना वेळेवर सुरुवात करू द्या.